भाषांतर की कृती: जतच्या वर्गातील इंग्रजी

सांगली जिल्ह्यातील जतसारख्या तालुक्यात, जिथे इंग्रजी बहुधा तासापुरतीच कानावर पडते, तिथे धड्याचे वाक्यावाक्याने मराठी भाषांतर करणारी पद्धत सोयीची वाटते. मोठा वर्ग सांभाळता येतो, अर्थ लगेच कळतो, पण मूल बोलत नाही. याउलट एसटीचे वेळापत्रक वाचून प्रश्न सोडवण्यासारख्या कृतींतून शिकवण्याचा प्रयोग इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत १९७९ ते १९८४ या काळात केला. लक्ष अर्थावर असताना व्याकरण नकळत रुजते, हे त्यामागचे गृहीतक होते आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनाने त्याला सावध दुजोरा दिला. मला कृतीच श्रेयस्कर वाटते. मात्र सूचना समजावण्यापुरती मराठी वर्गात हवीच, कारण तीही नाकारली तर मागच्या बाकांवरची मुले पहिल्याच दिवशी गप्प होतात.