आधी मंटो की ‘द शॅडो लाइन्स’?
फाळणीवर वाचायला सुरुवात कुठून करावी? उर्दू कथाकार सआदत हसन मंटोची कथा ‘टोबा टेकसिंह’ एका बैठकीत संपते, पण झोप उडवते. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग एकच धोशा लावतो: आपलं गाव, टोबा टेकसिंह, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? वेड्यांच्या अदलाबदलीत त्याला हिंदुस्थानात पाठवायला नेतात; गाव पाकिस्तानात, हे कळल्यावर तो सरहद्द ओलांडायलाच तयार होत नाही. दोन काटेरी कुंपणांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो.

अमिताव घोष यांची १९८८ची इंग्रजी कादंबरी ‘द शॅडो लाइन्स’ काळात सतत पुढेमागे जाते, चिकाटी मागते. पण ढाक्यात जन्मलेली, कोलकात्यात राहणारी निवेदकाची आजी विचारते, विमानातून सरहद्द दिसेल का? तिथे ती थेट बिशनसिंगच्या शेजारी बसते.

मी आधी मंटोच हातात देईन. आजी थांबेल.