बॅरिस्टर व्हायचा खर्च: इनची शिष्यवृत्ती, चेंबर्सची उचल की भारतातला निधी?

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचं म्हटलं की पहिला आकडा बार कोर्सच्या फीचा. संस्थेप्रमाणे ती साधारण 12 ते 20 हजार पौंडांच्या घरात जाते. लंडनचं घरभाडं आणि खाणं-पिणं वेगळं. पैसे उभे करायचे रस्ते मुख्यतः तीन. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, त्यामुळे एकच अर्ज तिन्हीकडे फिरवून भागत नाही.

सगळ्यात मोठा रस्ता इनचा, म्हणजे बॅरिस्टरांच्या लंडनमधल्या जुन्या संस्थांचा. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चारपैकी एकीचं सभासद झाल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही. या चौघी मिळून वर्षाला 60 लाख पौंडांहून जास्त रक्कम शिष्यवृत्तीत वाटतात. हे कर्ज नव्हे, परत करावं लागत नाही. मेख अशी की शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच इनकडे करता येतो आणि बार कोर्ससाठीची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे कोर्स सुरू होण्याच्या जवळपास वर्षभर आधी.

मग इन निवडायची कशी? गांधीजी इनर टेंपलचे, बाबासाहेब ग्रेजचे, जीना लिंकन्सचे. वाचायला छान, पण अर्जाला त्याचा उपयोग शून्य. पाहायचं ते निवडीची रीत. मिडल टेंपल अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मुलाखतीला बोलावतं. लिंकन्स आणि ग्रेज आधी कागदावर छाननी करतात. गुण बेताचे, पण समोरासमोर बोलण्यात दम असेल तर मी मिडल टेंपल म्हणेन. पदवी भक्कम, मूट कोर्टची, म्हणजे खोट्या खटल्यांच्या स्पर्धांची, बक्षिसं गाठीशी, तर छाननीला घाबरायचं कारण नाही. लिंकन्सच्या लॉर्ड मॅन्सफिल्ड आणि लॉर्ड डेनिंग, इनरची प्रिन्सेस रॉयल, मिडलची क्वीन मदर, ग्रेजची बेडिंगफील्ड ही नावं मोठी आहेत खरी, पण त्यांच्या खाली लहान रकमांची बरीच मोठी रांग असते आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं. शिष्यवृत्ती मिळते गुणवत्तेवर; किती मिळेल हे ठरवताना अनेकदा घरची आर्थिक स्थिती बघतात, म्हणून उत्पन्नाचे कागद व्यवस्थित लावा.

मुलाखत छोटी असते. समोर बॅरिस्टर, कधी न्यायाधीशही, आणि अर्जातलं एखादं वाक्य धरून खोदकाम. ‘मला लहानपणापासून वादविवादाची आवड आहे’ असं लिहिलंत, तर तुम्ही आणि इतर शेकडो जण सारखेच. त्याऐवजी मिनी-प्युपिलेजमध्ये, म्हणजे बॅरिस्टरच्या मागे मागे काही दिवस फिरताना, एखाद्या जामीन अर्जावर वकिलाने कोणता मुद्दा मुद्दाम सोडून दिला आणि का, एवढं सांगता आलं तरी पुढची पाच मिनिटं तुमची.

दुसरा रस्ता चेंबर्सचा, म्हणजे बॅरिस्टर एकत्र येऊन चालवतात त्या कचेऱ्यांचा. कोर्सनंतरचं प्रशिक्षण, प्युपिलेज, पगारी असतं. किमान रक्कम बार स्टँडर्ड्स बोर्ड, म्हणजे बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणारी संस्था, ठरवतं आणि ती वर्षाला 20 हजार पौंडांच्या वर आहे. व्यापारी खटले लढवणारी बडी चेंबर्स याच्या दुप्पट-तिप्पट देतात आणि त्यातला काही भाग कोर्सच्या वर्षातच उचल म्हणून देतात. सोय झकास, पण त्यासाठी कोर्सआधी प्युपिलेज हातात हवी, आणि स्पर्धा भयंकर. ती उचल पुढच्या वर्षीच्या पगारातून वजा होते हेही विसरू नका. गुन्हेगारी किंवा कौटुंबिक खटल्यांकडे जायचं असेल तर या रस्त्यावर फार भिस्त ठेवू नये.

तिसरा रस्ता भारतातला. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत. नुसता बार कोर्स त्यात बसत नाही. काही विद्यापीठं बार कोर्सला एलएलएम, म्हणजे कायद्याची मास्टर्स पदवी, जोडून देतात, तेव्हा तो कोर्स योजनेच्या यादीत आणि अटींत बसतो का हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या. 1892 साली सुरू झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटचे पैसे कर्जाऊ असतात, त्यांची गणना शिष्यवृत्तीत करू नका. शिष्यवृत्ती किती काळ चालते तेही बघा. बाबासाहेबांनी 1916 ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 ला त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत घेऊन.

या सगळ्याआधीचा प्रश्न म्हणजे वकिली कुठे करणार? इंग्लंडमध्येच, असं ठाम उत्तर असेल तर आधी इन, मग बाकीचं. इनच्या निवड समितीलाही तेच ऐकायचं असतं. परत येऊन मुंबई हायकोर्टात उभं राहायचं असेल तर हा खर्च मी करणार नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे नुसत्या बॅरिस्टरकीवर सनद मिळण्याची सवलत 31 डिसेंबर 1976 पर्यंत बारमध्ये दाखल झालेल्यांनाच आहे. तेवढे पौंड एखाद्या चांगल्या एलएलएमवर घातलेले बरे.

आणि भारतीय एलएलबीवाल्यांसाठी एक काम नोव्हेंबरच्याही आधीचं: तुमची पदवी कितपत धरली जाईल हे बार स्टँडर्ड्स बोर्डाकडून ठरवून घ्या. वर आणखी विषय किंवा रूपांतराचा (कन्व्हर्जन) कोर्स, म्हणजे तुमची पदवी बार कोर्ससाठी पुरेशी करून देणारा, करायला सांगितला तर त्याचीही फी हिशोबात धरावी लागते, आणि त्यासाठीच्या इनच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा असतो.