‘बेन-हर’चे पार्श्वसंगीत : पाच सीडींचा संच

विल्यम वायलर यांच्या १९५९ सालच्या ‘बेन-हर’ या चित्रपटाला मिळालेल्या ११ ऑस्करांपैकी एक मिक्लोश रोझा यांच्या पार्श्वसंगीतासाठी होते, आणि ‘फिल्म स्कोअर मंथली’ या चित्रपटसंगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेने २०१२ साली काढलेला पाच सीडींचा संच ऐकताना तो मान किती यथार्थ होता हे पुन्हा एकदा पटते. चित्रपट प्रदर्शित झाला त्या काळी रसिकांच्या हाती पडलेली एलपी (ध्वनिमुद्रिका) मूळ मुद्रणाची नव्हती. ती कार्लो साविना यांच्या संचालनाखाली रोममधील वाद्यवृंदाने स्वतंत्रपणे वाजवलेली होती. इथे मात्र स्वतः रोझा यांनी संचालन केलेले, पडद्यावर ऐकू येते तेच वादन मिळते, आणि माझ्या मते संच घेण्यास हे एकच कारण पुरेसे आहे.

गलबतावरील वल्हेकऱ्यांचा प्रसंग आवर्जून चित्राविना ऐकावा. ताल धरणाऱ्याचे लाकडी हातोडे ठाय लयीत पडू लागतात, खर्जातली वाद्ये वल्ही ओढल्यासारखी जड चालतात, आणि सेनापतीच्या प्रत्येक हुकुमासरशी लय एकेक पायरी चढत जाते. सूर तोच, पण वेग वाढला की त्यातले ओझेही वाढते, आणि शेवटी ‘थांबा’ हा हुकूम येतो तेव्हा ऐकणाऱ्यालाही धाप लागलेली असते.

रथांच्या शर्यतीचे संगीत शोधणाऱ्यांच्या हाती मात्र काही लागणार नाही, कारण ते मुळात नाहीच. शर्यतीआधीची मिरवणूक पितळी वाद्यांनी दणाणून सोडल्यावर रोझा थांबतात आणि मैदान टापांच्या व चाकांच्या आवाजाला मोकळे करून देतात. एवढा संयम थोड्याच संगीतकारांकडे असतो.

उणीव सांगायची तर संचातल्या पर्यायी मुद्रणांमुळे आणि जुन्या एलपींमुळे तीच धून फार वेळा कानावर येते. अभ्यासकाला त्याचे मोल आहे, पण निव्वळ ऐकणाऱ्याने पहिल्या दोन सीडींवर थांबावे.

त्या दोन सीडींत माझे मन सर्वाधिक गुंतते ते येशूच्या धूनेत. चित्रपटात येशूचा चेहरा दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचे अस्तित्व जाणवून देण्याचा मोठा भार संगीतावरच पडतो. नाझरेथमध्ये तहानेने कोसळलेल्या नायकाच्या, ज्यूडाच्या, ओठांशी एक हात पाणी आणतो, त्या वेळी ऑर्गन आणि तंतुवाद्यांचे उंच, शांत स्वर उमलतात. पुढे वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या येशूला ज्यूडा पाणी देऊ पाहतो, तेव्हा तीच धून परत येते आणि संवादाची गरजच उरत नाही.