शाळेतला स्पोर्ट्स प्रोग्राम: धाकटीला पाच स्टार, थोरल्याला दोन

शाळेचं नाव लिहिणार नाहीये आणि त्या स्पोर्ट्सवाल्या कंपनीचंही नाही, पोरं अजून तिथंच शिकतायत. सिंहगड रोडच्या बाजूची आहे एवढं पुरे. आमचे जुने पीटीचे सर रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी शाळेने पहिली ते आठवीची पीटी बाहेरच्या कंपनीला देऊन टाकली. मुलामागे वर्षाला ६,५०० रुपये वेगळी फी, त्यात आठवड्याला दोन तास, एक टीशर्ट आणि एक अ‍ॅप. माझी मुलगी चौथीत आणि मुलगा सातवीत, म्हणजे घरातून १३,००० जातात, म्हणून म्हटलं नीट बघूनच लिहावं.

नीट बघून म्हणजे काय तर वर्षातून दोनदा पालकांना तास बघायला बोलावतात, तेव्हा मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसले. पोरगं पळतंय तोवर चालू, उभं राहिलं की बंद. शेजारचे एक बाबा हसले, म्हणे मॅडम क्रिकेटची मॅच आहे का. पण आकडा बघा. ४० मिनिटांच्या तासात मुलगी २७ मिनिटं हलत होती, आणि दोन दिवसांनी मुलाच्या वर्गाचा तास बघितला तर तो ९ मिनिटं. नऊ! बाकी वेळ जिना उतरणे, हजेरी, रांग, मग पुन्हा रांग. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळायला पाहिजे, आणि पुण्यात व्हॅनमधून शाळा, व्हॅनमधून घर, मग क्लास, तर ती साठ मिनिटं येणार कुठून? त्यामुळे शाळेतल्या ४० मिनिटांचा हिशोब मला तरी महत्त्वाचा वाटतो.

आता लहान वर्गांचं सांगते, कारण तिथे खरंच मान गये. चौथीच्या ३६ पोरांना एक दादा आणि एक ताई, आणि ते दोघं मैदानाचे चार कोपरे करतात. एका कोपऱ्यात लगोरी, एकात लंगडी, एकात फुटबॉल, एकात बास्केटबॉल आणि दर आठ मिनिटांनी शिट्टी, की सगळे पुढच्या कोपऱ्यात. प्रत्येक कोपऱ्यात नऊच पोरं असल्यामुळे कुणी लपून राहू शकत नाही. बास्केटबॉलची रिंग सुद्धा त्यांनी खाली घेतलेली आहे. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर असते, लहानांच्या मिनी बास्केटबॉलची २.६० वर, आणि बॉल पण छोटा, ५ नंबरचा. आमच्या वेळी एकच रिंग, एकच जड बॉल, आणि आम्ही मुली तो दोन्ही हातांनी पोटाजवळून वर भिरकावायचो, तो रिंगच्या खालच्या जाळीलाही लागायचा नाही, मग आम्ही ठरवून टाकलं की हा खेळ उंच मुलांचा. माझी मुलगी आज दहातले चार टाकते आणि तिला वाटतं तिला बास्केटबॉल येतो. वाटू दे की.

अजून एक गोष्ट आवडली ती म्हणजे बाद झालेलं पोर बाहेर बसत नाही. बॉल लागला की पलीकडच्या टीममध्ये जायचं, खेळ चालू. साधी गोष्ट आहे पण विचार करा, पहिल्या मिनिटाला बाद कोण होतं? ज्याला पळता येत नाही तोच. आणि मग तोच सगळ्यात जास्त वेळ बसून राहणार, म्हणजे ज्याला प्रॅक्टिस पाहिजे त्यालाच मिळत नाही. हे त्या दादाला कळलंय, बहुतेक वय पंचवीस-सव्वीस असेल त्याचं, पण कळलंय. पावसाळ्यात मैदानातल्या मुरुमाचा नुसता चिखल होतो तेव्हा पण ते हॉलमध्ये दोरीच्या उड्या वगैरे घेतात, तास बुडवत नाहीत.

मग तीच कंपनी सहावीपासून पुढे अशी का वागते हे मला कळत नाही. म्हणजे कळतं. शालेय स्पर्धांमध्ये चौदा वर्षांखालचा गट असतो ना, जुलै आला की त्याचं सिलेक्शन सुरू. सातवीत ४२ पोरं, त्यातली फुटबॉलला चौदा निवडली, आणि त्या दिवसापासून मैदान त्या चौदांचं. बाकीच्या अठ्ठावीस जणांना "फ्री प्ले". फ्री प्ले म्हणजे भिंतीकडेची पट्टी, दोन बॉल, त्यातला एक हवा गेलेला. मुली झाडाखाली गप्पा मारत उभ्या असतात, कुणी त्यांना खेळू नका म्हणत नाही, फक्त बॉल तिकडे जात नाही. आणि अ‍ॅपवर त्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढे हिरवी टिक, "सेशन कम्प्लीटेड". कप मिळाला तर शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागतो, अठ्ठावीस पोरं पळाली तर फ्लेक्स लागत नाही, एवढा सरळ हिशोब आहे हा.

आणि ती फिटनेस टेस्ट. टेस्टला माझा विरोध नाही, खेलो इंडियाची जी आहे तीच घेतात, ५० मीटर पळणे, ६०० मीटर, बसून पायाच्या बोटांपर्यंत वाकणे, पुशअप्स, आणि उंची-वजनावरून बीएमआय. पण कोचने रिपोर्ट वर्गासमोर वाचून दाखवले, बीएमआयसकट. माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. त्यानंतर दर बुधवारी सकाळी पोटात दुखायला लागलं, आणि बुधवारी पीटी असते हे माझ्या लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, हे माझंच चुकलं. शाळेत जाऊन बोलले. मॅनेजर चांगल्या शब्दांत सॉरी म्हणाले आणि पुढच्या टर्मपासून रिपोर्ट फक्त पालकांना अ‍ॅपवर यायला लागले, तेवढं त्यांच्या बाजूने लिहायला पाहिजे.

दोन स्टार तरी का दिले, तर खो-खोमुळे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम नेपाळला हरवून जिंकल्या, आणि दोन्ही कॅप्टन, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. पोरं टीव्हीवर बघून आली आणि पीटीच्या तासाला खो-खो पाहिजे म्हणून मागे लागली. तेव्हा माझा मुलगा सहावीत. फुटबॉलवाल्या कोचला खो-खो येत नव्हता, पण लहान वर्गाच्या ताई स्वतः खेळलेल्या निघाल्या. त्यांनी इमारतीच्या मागे फक्की मारून दोन मैदानं आखली, खांब पुरले आणि सहा आठवडे मोठ्या वर्गाचा एक तास स्वतःकडे घेतला. (खो-खोचे नियम १९१४ साली आपल्या पुण्यातच डेक्कन जिमखान्याने बसवले, आणि पुण्यातल्या शाळेत खो-खो येणारी व्यक्ती शोधावी लागते. असो.)

मी मुद्दाम परवानगी काढून एक तास बघायला गेले. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक उलट्या तोंडाने, नववा धावतोय, पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतायत. मोठ्यांची पाळी नऊ मिनिटांची असते, ताईंनी चारची केली, त्यामुळे सगळ्यांचा नंबर पटापट. मला जे दिसलं ते असं की बसलेला पोरगा पण बसलेला नसतो, चवड्यावर असतो, मान वळवून बघत असतो, कारण पुढचा खो कुणालाही मिळू शकतो. आणि धावणाऱ्याला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत माघारी वळता येत नाही, त्यामुळे नुसता जोरात पळणारा फसतो, वेळेवर खो देणारा भाव खाऊन जातो. माझा मुलगा जोरात पळत नाही पण त्याला ते टायमिंग बरोबर सापडलं. पाठीला हात आणि तोंडाने खो एकदमच, नाहीतर फाऊल, हे तो घरी सोफ्यावर बहिणीच्या पाठीवर प्रॅक्टिस करायचा, तिने माझ्याकडे तक्रार केली. एकदा आला आणि म्हणाला, "आई, आज मला अकरा वेळा खो मिळाला." त्या दिवशी पण स्टॉपवॉच होतंच, १९ मिनिटं. पोटदुखी त्या सहा आठवड्यांत एकदाही नाही.

मग वार्षिक परीक्षा आली, आणि यंदा जूनपासून ताईंना पुन्हा फक्त लहान वर्ग. वर ज्या ९ मिनिटांचं लिहिलंय ना, तो तास यंदाचाच. मी मॅनेजरना विचारलं तर म्हणे मागणी असेल तर बघू. बेचाळीस पोरांनी मागितलं होतं की हो, अजून कशी असते मागणी!

बारीकसारीक गोष्टी: टीशर्ट चांगला आहे, दोन वर्षं धुतला तरी रंग गेला नाही. बूट मात्र त्यांच्या काउंटरवरून घेऊ नका, १,४०० चे आहेत, तळ गुळगुळीत आणि मुरुमावर घसरतात, मुलीचे दोन्ही गुडघे फुटले. आम्ही शेवटी लक्ष्मी रोडवरून साधे कॅनव्हासचे आणले, निम्म्याहून कमी किमतीत. अ‍ॅप उघडलं नाहीत तरी काही बिघडत नाही. पाण्याची बाटली घरूनच द्या, मैदानाच्या टोकाचा नळ निम्मे दिवस कोरडा असतो.

पुढच्या वर्षीच्या फीचा फॉर्म आलाय. मुलीचा भरून टाकला. मुलाच्या फॉर्मवर "सूचना" म्हणून दोन ओळींची जागा होती, तिथे मावलं नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलंय की सिलेक्शन झालं तरी बाकीच्यांसाठी एक कोच आणि अर्धं मैदान ठेवा, आणि ताईंना एक तास द्या. अजून चार आयांनी तेच लिहून दिलंय. जूनमध्ये काय होतं ते बघून इथले स्टार वाढवेन नाहीतर कमी करेन.