अ‍ॅडालिम्युमॅब: पेनपेक्षा मला भरलेली सिरिंजच बरी

क्रोन्ससाठी (आतड्यांना सूज आणणारा जुनाट आजार) अ‍ॅडालिम्युमॅब हे सूज आटोक्यात ठेवणारं इंजेक्शन घरीच टोचून घ्यायचं ठरलं की पेन घ्यावं की भरलेली सिरिंज, हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरलंय आणि माझा कौल सिरिंजला. औषध किती वेगाने आत जायचं ते तिच्यात माझा अंगठा ठरवतो.

पेनमध्ये स्प्रिंग असते. खटका दाबला की सगळं औषध एका दमात आत. सुई नजरेला पडत नाही, त्यामुळे सुईची धास्ती असलेल्यांना पेनच सोयीचं. बोटं आखडणाऱ्यांनाही (या आजारात सांधेही धरतात, हे घरच्यांना पटवताना फार दमायला होतं). पण माझ्या मांडीवर मांस कमी, स्प्रिंगचा तो जोर सहन व्हायचा नाही. सिरिंजने मी कातडी चिमटीत धरून सावकाश ढकलते. आग वाढली की जरा थांबते, मग पुढे.

खरा त्रास सुईचा नाहीच, त्या आगीचा आहे. काही ब्रँडच्या औषधात सिट्रेट नावाचा क्षार असतो आणि तो झोंबतो. हुमिरा या अ‍ॅडालिम्युमॅबच्या मूळ ब्रँडच्या जुन्या 40 मिलिग्रॅमच्या डोसात 0.8 मिली द्रव असायचा. सिट्रेट काढलेल्या नव्या प्रकारात तो 0.4 मिलीवर आला, सुईही बारीक झाली. आपल्याकडे झायडस कंपनीने 2014 मध्ये पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीचं औषध) आणलं, आता बरेच ब्रँड मिळतात. खोक्यातल्या कागदावर घटक छापलेले असतात. त्यात सिट्रेट दिसलं तर डॉक्टरांना विचारा, पण परस्पर ब्रँड बदलू नका.

थंडगार औषध जास्त दुखतं. मी सिरिंज फ्रीजमधून काढून अर्धा तास नुसती ठेवते. गरम पाण्यात किंवा उन्हात मुळीच नाही. स्पिरिट पूर्ण वाळू देते, ओलं असलं की चरचरतं. एकदा उजवी मांडी, एकदा डावी, कधी पोट, तेही बेंबीपासून दोन इंच सोडून. नंतर चोळायचं नाही. रुमालात गुंडाळलेला बर्फ मात्र खूप आराम देतो.

सुरुवातीचा डोस बहुधा 160 मिलिग्रॅमचा, म्हणजे 40 च्या चार सुया. तो नर्सकडूनच घ्या आणि तिचा हात नीट बघून ठेवा.

साठवणीत दोन्ही सारखीच नाजूक: 2 ते 8 अंश, गोठलं की वाया. केमिस्टकडून घेताना जेल पॅक गार आहे का ते हात लावून बघा. एवढ्या महागाच्या औषधासाठी दुकानदाराला चार प्रश्न विचारायला संकोच कसला? वापरलेली सिरिंज जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हाताला लागता कामा नये.

टोचल्या जागी लाली, छोटी गाठ येते, काही दिवसांत जाते. ती पसरत गेली किंवा ताप आला तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना फोन करा.