वाळूवरची ट्रायल बघून पैसे दिले, आणि अणुस्कुऱ्यात गाडी अडकली

आमची हापूसची बाग राजापूर तालुक्यात, सड्यावर. डांबरी रस्ता संपला की पुढे दीड किलोमीटर जांभ्याची वाट. हंगामात भरलेले क्रेट घेऊन रोज त्याच वाटेने खाली यायचं. माझी गाडी जुनी फॉरेस्टर. मूळची सुबारूची, आपल्याकडे शेवरलेच्या नावाने विकली गेलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन. चारही चाकांना ओढ आहे, पण भार भरला की पोट दगडाला घासायचं आणि चढावर क्लच जळल्याचा वास यायचा.

हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याने सुचवलेला उपाय मुळात बरोबर होता, हे आधी सांगायला हवं. सस्पेन्शनला वर दोन इंची अॅल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या जाड चकत्या, आणि नव्या स्प्रिंगा टाकायच्या. गिअरबॉक्स 4.11 ऐवजी 4.44 चा बसवायचा. हा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फेरे घेतो ते. आकडा वाढला की वेग थोडा कमी होतो, पण चढावर ओढ वाढते. मात्र या गाडीत पुढचं डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ओढ डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणारा गिअरचा संच, गिअरबॉक्समध्येच असतं आणि मागचं वेगळं. गिअरबॉक्स 4.44 चा टाकला तर मागचं डिफरन्शियलही 4.44 चंच लागतं. त्याने स्वतःच मला हे समजावलं आणि व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवलं: ‘४.४४ गिअरबॉक्स + मागचा डिफ, मॅच सेट.’ एकूण 1,85,000 रुपये. त्यातले 1,40,000 आगाऊ.

मी पक्कं बिल मागितलं तेव्हा तो मालवणीत म्हणाला, “तू आपलोच माणूस मा? तुका फसवतलंय काय मी?” मी गप्प बसलो. परक्या शहरात असतो तर बिलाशिवाय एक रुपया दिला नसता.

तीन आठवड्यांनी गाडी तयार झाली. खाली वाकून पाहिलं तर स्प्रिंगा पिवळ्याधमक, मागचं डिफरन्शियल काळंभोर, नुकतंच रंगवलेलं. “चला, ट्रायल दाखवतो,” म्हणत तो मला थेट पुळणीवर घेऊन गेला. मऊ वाळूत गाडी सुरेख चालली. समुद्राच्या अंगाने दोन गोल फेऱ्या मारल्या आणि मी तिथेच, फोनवरून, उरलेले 45,000 पाठवले.

सगळी मेख या ट्रायलमध्ये होती. मागचं डिफरन्शियल त्याने बदललंच नव्हतं. जुनं 4.11 चंच काळा रंग देऊन परत लावलं होतं. 4.44 आणि 4.11 मध्ये आठ टक्क्यांचा फरक. चारही चाकं जमिनीवर सारखीच फिरतात, मग हा फरक सोसायचा कोणी? पुढच्या आणि मागच्या चाकांत ओढ वाटणारं तिसरं, मधलं डिफरन्शियल असतं, त्याला लावलेल्या व्हिस्कस कपलिंगने. त्यात सिलिकॉनचं दाट तेल सीलबंद असतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट सतत वेगवेगळ्या गतीने फिरत राहिले की ते तापतं, आणि फार तापलं की कपलिंग दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडून टाकतं. वाळूवर चाकं घसरतात, त्यामुळे सगळा ताण निघून जातो आणि चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, तिथे खरं काय ते कळतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने गाडी डांबरावर फिरवून दाखवली नाही.

घरी अंगणात वळवताना गाडी अडखळायची. कोणीतरी हँडब्रेक अर्धवट ओढून ठेवल्यासारखी. फोन केला तर म्हणाला, “नवा बॉक्स आहे, हजार किलोमीटर चालू द्या, मोकळा होईल.” नवा कसला, भंगारातून काढलेला होता. तरी मी विश्वास ठेवला.

क्रेट घेऊन कोल्हापूरला निघालो. अणुस्कुरा घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की गाडी थांबायलाच बघायची, पुढची चाकं कच्‌कच् उड्या मारत पुढे सरकायची. खालून जळकट वास. वळणावरच गाडी उभी केली. आंबे दुसऱ्या टेम्पोने पाठवले आणि गाडी टो करून कोल्हापूरला नेली.

तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. गाडी स्टँडवर घेतली, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ ओढली, मागची दोन्ही चाकं एकसारखी बरोबर एक फेरा फिरवायला लावली आणि रेघ मोजली. चार फेरे आणि वर अगदी थोडं. 4.44 असतं तर जवळजवळ साडेचार भरले असते. गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगवरचा, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या बाजूच्या कवचावरचा, टीवाय75 ने सुरू होणारा कोड पडताळला, तो मात्र 4.44 चा निघाला. मग त्यांनी तेल सोडलं. काळं, करपलेलं. व्हिस्कस कपलिंग उष्णतेने निळसर पडलं होतं.

नंतर त्यांनी स्प्रिंगेवर नखाने ओरखडा काढला. पिवळ्या पापुद्र्याखाली गंज. माझ्याच जुन्या स्प्रिंगा. अॅल्युमिनियमच्या स्पेसरऐवजी लोखंडी पाइपाच्या चकत्या कापून पट्टीला वेल्ड केल्या होत्या आणि एका वेल्डिंगला केसासारखी भेग गेली होती. उंची वाढवल्यावर अलाइनमेंट केलीच नव्हती, त्यामुळे पुढची चाकं वरून बाहेर झुकलेली. अॅक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटून रिमच्या आत ग्रीस उडालेलं. “साहेब, ही चकती घाटात सुटली असती तर?” एवढंच ते म्हणाले. परतीच्या एसटीत मला तेवढंच ऐकू येत होतं. पुढच्या सीटवर माझी मुलगी बसते.

पैसे परत मागितले तर गॅरेजवाला म्हणाला, “तक्रार करा, आधी तुमचीच गाडी आरटीओ उचलेल.” याच धाकावर असे लोक चालतात, म्हणून ही बाजूही लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी हे आधी वाचलं नव्हतं, ती चूक माझीच आणि ती मी वकिलांकडे कबूल केली. पण त्या भीतीने गप्प बसलो असतो तर पुढच्या माणसालाही त्याने पुळणीवरच नेलं असतं.

आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल नसल्यामुळे माझ्या हातात दोनच पुरावे आहेत: यूपीआयच्या नोंदी आणि तो ‘मॅच सेट’चा मेसेज. तो मेसेज मी अनेकदा पुसायला निघालो होतो.

कोणी असं काम करून घेत असेल तर जुने काढलेले सुटे भाग मोजून ताब्यात घ्या. नवं डिफरन्शियल बसवलं म्हणत असेल तर जुनं कुठे आहे ते विचारा. मी विचारलं नाही. ट्रायल कोरड्या डांबरावर घ्या, स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना गोल फिरवून. शेवटचा हप्ता खडूची रेघ मोजून झाल्यावरच द्या.

गाडी आता बागेतल्या मांगरात उभी आहे. मिस्त्रींना 4.11 चा बॉक्स मिळाला की ती पुन्हा मूळ रूपात येईल. यंदाचे क्रेट आम्ही डोक्यावरून खाली आणले.