होवेनरिंग, आइंडहोवन: सायकलला पाच तारे, पायी चालणाऱ्याला तीन

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनशेजारच्या वेल्डहोवनला राहायला आल्यापासून होवेनरिंग हा सायकलींचा पूल माझ्या रोजच्या वाटेवर आहे आणि सायकलवरून त्यात खोट काढायला जागा नाही. यंदा सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांना सायकल येत नाही, म्हणून बाबागाडी घेऊन आम्ही पायी जाऊ लागलो, तेव्हा याच पुलाची दुसरी बाजू कळली.

वर्दळीच्या चौकावर केबलींनी टांगलेलं ७२ मीटर व्यासाचं हे गोल कडं २०१२ मध्ये सुरू झालं. मधोमध ७० मीटर उंच खांब, त्याला २४ केबली. चढ सौम्य राहावा म्हणून खालचा रस्ताच दीड मीटर खोल नेलाय, आणि हे काम सायकलींसाठी केलं असलं तरी चालणाऱ्यांनाही फार उपयोगी पडतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना दिसला की त्या मागे फिरतात. इथे मात्र गप्पा मारत वर आल्या. बाबागाडी ढकलताना मलाही दम लागला नाही.

अडचण वर गेल्यावर सुरू होते. चालणाऱ्यांसाठी वेगळा भाग आखलेलाच नाही. इथल्या नियमाप्रमाणे फुटपाथ नसेल तर सायकलमार्गावरून चालता येतं, म्हणजे मुभा आहे, पण हक्काची जागा नाही. ई-सायकली मागून अजिबात आवाज न करता येतात. घंटी वाजली की सासूबाई दचकून जागीच उभ्या राहायच्या, कारण डावीकडे सरकावं की उजवीकडे हे कळायचं नाही. उतार जिथे कड्याला मिळतात तिथे तर जास्तच गोंधळ. “अगं, तो हात कुणाला दाखवतोय?” त्यांनी विचारलं. वळायच्या आधी इथे सायकलवाल्याने हात दाखवायचा असतो, हे पाहुण्या माणसाला कसं कळणार?

कठड्यालगत मीटरभर पट्टा रंगवून त्यावर पादचाऱ्याचं चित्र काढलं तरी खूप फरक पडेल. ते का केलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तोवर आम्ही कठडा धरून एकामागे एक चालतो, बाबागाडी पुढे. आई-बाबांना न्यायचं असेल तर जरूर न्या, पण शाळा-ऑफिसच्या वेळा टाळून, आठवड्यात सकाळी अकरानंतर. रविवारी सकाळी नको, तेव्हा रेसिंग सायकलवाल्यांचे घोळके सुसाट जातात.